तेरावा आकडा

३ मार्च २०२५, सोमवार

आज धुळ्याला एकटीच जाऊन आले. बेबाअक्का सोबत येणार होत्या, पण सोनगीरच्या थांब्याकडे निघायच्या वेळेलाच म्हणाल्या, "मना गुडघा दुखी ऱ्हायनात व. तूच जाय." बेबाअक्का आमच्या कानबाई महिला बचत गटाच्या अध्यक्ष, मी सचिव. अध्यक्षांनी बोलायचं आणि सचिवाने लिहायचं, असं समजून मी हे पद घेतलं होतं.

आम्ही एकवीस बाया बिबडे करतो. ज्वारी तीन दिवस भिजवायची, तिचा घाटा शिजवायचा, त्यात तीळ-जिरं घालायचं, ओल्या फडक्यावर पातळ थापायचे आणि उन्हात कडक वाळवायचे. चार वर्षं हायवेवरचा एक व्यापारी आमचे बिबडे सुटे घेतो आणि स्वतःच्या पाकिटात भरून विकतो. पाकिटावर नथ घातलेल्या हसऱ्या बाईचं चित्र आहे. ती कोण, आम्हाला कुणालाच माहीत नाही. यंदा आम्ही ठरवलं, आपला माल आपल्या नावाने विकायचा.

म्हणून धुळ्याच्या अन्नवैभव बाजारात गेले. त्यांची चार मोठी दुकानं आहेत, दोन धुळ्यात आणि दोन जळगावात. खरेदी बघणारे हितेंद्र सर यांनी एक बिबडा तिथेच तळून आणायला लावला. खाल्ला. दुसरा उचलला. म्हणाले, "आखाजीच्या सणाला, अक्षय्य तृतीयेला, बत्तीसशे पाकिटं देता येतील? चारही दुकानांना मिळून. पंचवीस एप्रिलपर्यंत."

मी "हो" म्हणून बसले. एकवीस बाया, पाकिटात दहा बिबडे, म्हणजे बत्तीस हजार. प्रत्येकीला पंधराशे चोवीस, तुटतील तेही धरून सोळाशे. चाळीस दिवस ऊन मिळालं तर रोजचे चाळीस. जमेल.

मग ते म्हणाले, "बारकोड आहे ना?"

"त्या काळ्या पट्ट्या? काढून घेऊ की छपाईवाल्याकडून."

ते हसले, पण वाईट नाही हसले. "ताई, पट्ट्या मनाने काढायच्या नसतात. आधी नंबर घ्यावा लागतो. तो जगात दुसऱ्या कुणाचा नसतो. बारकोड नसेल तर आमच्या दुकानात तुमचं पाकीट असूनही नसल्यासारखं."

परत येताना एसटीत हेच डोक्यात. असूनही नसल्यासारखं.

६ मार्च, गुरुवार

पुन्हा धुळ्याला गेले. नंबरासाठी कोणते कागद लागतात ते विचारायचं होतं. हितेंद्र सर बाहेर गेलेले, म्हणून बिलाच्या काउंटरजवळ उभी राहिले. तिथे भाविका नावाची मुलगी बसते. हात मशीनसारखे चालतात तिचे. तेलाची पिशवी, साबण, मीठ, एकेक वस्तू काचेवरून सरकवली की टुक आवाज होतो आणि नाव पडद्यावर येतं.

गर्दी ओसरल्यावर मी विचारलं, "त्या पट्ट्यांत भाव लिहिलेला असतो का गं?"

"नाही ताई, भाव नसतो. फक्त नंबर." तिने मला मशीन दाखवलं. आतून लाल उजेड पडतो. काळी पट्टी उजेड गिळून टाकते, पांढरी जागा तो परत पाठवते. कुठे किती जाड काळं, कुठे किती बारीक पांढरं, यावरून मशीन आकडे ओळखतं. मग तो नंबर कॉम्प्युटरला विचारतं, हा कोण? कॉम्प्युटरमध्ये नाव आणि भाव आधीच भरून ठेवलेले असतात.

"आणि दर वेळी टुक झालं की त्या वस्तूतली एक कमी होते," भाविका म्हणाली. "संध्याकाळी मालकांना जागेवर बसून कळतं, कुठल्या दुकानात काय संपलंय. साडेसात हजार वस्तू आहेत, ताई. एवढ्या कोण मोजत बसणार? आणि मी चुकीचं बटण दाबलं तर गिऱ्हाइकाला भुर्दंड. मशीन दाबत नाही, वाचतं."

मला ते आवडलं. मशीन वाचतं. आमच्या पाकिटालाही वाचू दे.

२९ मार्च, शनिवार

नंबर आला! सोनगीरच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये चार खेपा झाल्या, दोनदा फॉर्म परत आला, एकदा गटाच्या नावातला काना राहिला म्हणून. पण आला. आपल्या देशात नोंदवलेले नंबर ८९० ने सुरू होतात. पहिले दहा आकडे आमच्या गटाचे, कायमचे. पुढचे दोन आम्ही ठरवायचे, म्हणजे शंभर प्रकारचा माल काढला तरी पुरेल. बायांना विचारलं. सगळ्या म्हणाल्या, एकवीस घाल, आपण एकवीस आहोत.

तेरावा आकडा मात्र कुणी ठरवत नाही. तो आधीच्या बारांतून निघतो. सोबतच्या कागदात रीत दिली होती. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवायचे. उरलेल्यांची बेरीज करून तिची तिप्पट घ्यायची. दोन्ही एकत्र करायचे आणि पुढच्या पूर्ण दशकाला जेवढे कमी पडतात, तो तेरावा. आमचे एकाआड एक चोवीस झाले. उरलेले सव्वीस, तिप्पट अठ्ठ्याहत्तर. मिळून एकशे दोन. एकशेदहाला कमी पडतात आठ. कागदावर बघितलं तर शेवटी आठच!

मशीन दर वेळी ही बेरीज करून बघतं म्हणे. जमली नाही तर वाचलेलं फेकून देतं, चुकीचं नाव सांगत नाही.

मला आकड्यांची भीती वाटते, त्यामुळे खात्री करून घेण्यासाठी घरातली सगळी पाकिटं तपासली. चहा, मीठ, हळद, अंगाचा साबण, काडेपेट्यांचा पुडा. सगळे जमले. मेघा, माझी नववीतली पोरगी, कॅल्क्युलेटर घेऊन शेजारी बसली होती. तिचं कॅल्क्युलेटर जुनं झालंय, उत्तर फार उशिरा देतं. माझं सांगून झालं तरी तिचं चालूच.

७ एप्रिल, सोमवार

जळगावला छपाईचं काम देऊन आले. पुन्हा एकटी. बेबाअक्कांचे गुडघे नेमके काल रात्रीपासून धरले होते. "तुले बोलता येस, तूच जाय," म्हणाल्या. मला कुठलं बोलता येतं? रिक्षावाल्याला पत्ता सांगतानाही जीभ अडखळते.

छापखाना अभिमनभाऊंचा. साठीचे आहेत, कामाला चोख. पिवळट पाकीट, त्यावर कुंकवासारख्या लाल रंगात 'कानबाई बिबडे', खाली आमच्या गावाचं नाव. एकाच रंगात छापायचं होतं. भाऊंनी विचारलं, "बारकोडपुरता काळा रंग घ्यायचा का? दुसऱ्यांदा मशीनवर चढवावं लागेल."

मी बेबाअक्कांना फोन लावला. "शुभ कामले काळं कसाले?" त्या म्हणाल्या. "लालच ठेव. पण तू तठे शेस, तूच ठरव."

तिथे मी होते, मी लाल ठरवलं. पट्ट्या लाल काय, काळ्या काय, जाडी तर तीच. भाऊंनी नमुना छापून मोबाईलने वाचून दाखवला. तेराच्या तेरा आकडे लगेच आले. मन निवांत झालं.

१९ एप्रिल, शनिवार

बत्तीसशे पाकिटं भरून तयार. ऊन असं पडलं की फडक्यावरून बिबडे आपोआप सुटत होते. ओसरीत पाकिटांची थप्पी माझ्या खांद्याइतकी आहे. येणारी-जाणारी प्रत्येक बाई एक पाकीट उचलते, आमचं नाव वाचते, परत ठेवते. ज्यांना वाचता येत नाही त्याही हातात घेऊन बघतात.

हायवेवरच्या व्यापाऱ्याचा निरोप आला होता, सुटे कधी देताय? बेबाअक्कांनी उत्तरच दिलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

लिहायची इच्छा नाही. पण लिहिते.

नमुन्याची पन्नास पाकिटं घेऊन धुळ्याला गेले. भाविकाने पहिलं पाकीट हसतच काचेवर धरलं. आवाज नाही. उलटं धरलं, आडवं धरलं, पदराने पुसलं. आवाज नाही. दुसरं, पाचवं, दहावं. माझ्यामागे पाच-सहा माणसं रांगेत होती. एक बाई म्हणाली, "घरचंच दिसतंय काहीतरी."

हितेंद्र सर आले. मी मोबाईलवर वाचून दाखवलं, तिथे बरोबर आकडे आले. ते म्हणाले, "ताई, मोबाईलला चालून उपयोग नाही, काउंटरला चालायला हवं. मी शेल्फ शुक्रवारपर्यंत मोकळं ठेवतो. त्यानंतर दुसरं कुणीतरी उभंच आहे." वाईट त्यांनाही वाटत होतं. ते पाहून मला आणखीनच वाईट वाटलं.

घरी आल्यावर बाया जमल्या. मी सांगितलं, चूक माझी आहे, पण कुठे झाली तेच कळत नाही. रडू आवरलं नाही. बेबाअक्का म्हणाल्या, "कसाले रडस व? बिबडा तर बिघडनात नही. काय चुकनं ते शोध." जसं काही मी शोधणारीच आहे.

(त्याच दिवशी, दिवेलागणीनंतर)

सापडलं! अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

माझे मिस्टर प्रेमराज टेम्पो चालवतात. संध्याकाळी भाडं सोडून आले आणि नेहमीसारखा टेम्पो ओसरीकडे मागे घेतला. मी थप्पीजवळ बसले होते. ह्यांनी ब्रेक दाबला, मागचा लाल दिवा लागला, त्याचा उजेड पाकिटांवर पडला आणि पाकिटं कोरी झाली.

खरंच कोरी. नाव नाही, गाव नाही, पट्ट्या नाहीत. ब्रेक सुटला, परत सगळं जागेवर.

मी ओरडले, "अहो, पुन्हा दाबा!"

"काय व्हयनं? दिवा बिघडना का?"

"दिवा चांगला आहे. ब्रेक दाबून तसेच बसून राहा!"

आत धावले, मिठाचं पाकीट आणलं, आमच्या पाकिटाशेजारी ठेवलं. लाल उजेडात मिठाच्या काळ्या पट्ट्या ठणठणीत उभ्या आणि आमच्या लाल पट्ट्या गायब. पाच वेळा दाबायला लावलं. शेजारच्या बाया जमल्या. हे बिचारे मान मागे वळवून बघत राहिले, पण पाय काढला नाही.

मशीनचा उजेड लाल असतो. लाल पट्टी तो उजेड गिळत नाही, पिवळ्या कागदासारखाच परत पाठवते. मशीनला सगळीकडे सारखाच उजेड दिसतो, मग वाचणार काय? मोबाईलला सगळे रंग दिसतात म्हणून त्याने वाचलं. अभिमनभाऊ खोटं बोलले नाहीत, भाविकाचं मशीनही खराब नाही. फक्त आम्ही काळ्याला अशुभ म्हणालो.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी सातलाच अभिमनभाऊंना फोन केला. पाकिटं नव्याने छापायला वेळ नाही. पण पांढऱ्या कागदावर काळ्या पट्ट्यांची चिकटपट्टी करता येईल, मागच्या कोऱ्या बाजूला लावता येईल. भाऊंना फार लागलं. म्हणाले, "चाळीस वर्षं छपाई केली, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. बाकीची कामं थांबवतो. दुपारपर्यंत देतो."

"जयगावले मीच जास," असं म्हणून ह्यांनी आजचं भाडं सोडलं आणि टेम्पो जळगावकडे काढला.

दहा वाजता भाऊंचा फोन. "बारा आकडे टाकले, ताई. मशीन चालू करतो."

"शेवटी काय दाखवतंय, भाऊ?"

"शेवटी? सहा."

"सहा नाही, आठ हवा."

"तो मी टाकत नाही ताई, कॉम्प्युटर आपला आपण काढतो. तो कसा चुकेल?"

"तो बरोबरच आहे. तुमच्या बारांत काहीतरी चुकलंय." ओसरीत उभ्या उभ्या मी बेरीज आठवली. आठाच्या जागी सहा आले, म्हणजे बेरीज दोनाने वाढलेली. शेजारी शेजारी असलेले दोन आकडे, एकमेकांत एकाचाच फरक, त्यांची जागा बदलली तर नेमकी दोनाने वाढते किंवा घटते. "भाऊ, आमचे शेवटचे दोन बघा. एकवीसच्या जागी बारा पडलंय का?"

भाऊंनी बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाराच पडलंय. तुम्हाला तिथून कसं दिसलं?"

दिसलं कुठे, बेरीजच तसं सांगत होती. ही चिकटपट्टी लागली असती तर मशीन वाजलं असतं, पण दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये त्या नंबरावर कुणाचंच नाव नाही. परत सगळं पहिल्यापासून. भाऊंनी एकवीस केले, आठ आले, छपाई सुरू झाली.

ते म्हणाले, "ताई, तुम्ही काय शिकलात?" मी म्हटलं, बिबडे मोजायची सवय, दुसरं काही नाही.

२३ एप्रिल, बुधवार

एकवीस बाया, बत्तीसशे चिकटपट्ट्या. सकाळी आठला बसलो आणि दुपारी तीनला शेवटची लागली. चिकटपट्टी शिवणीवर नको, सुरकुती नको, पट्ट्यांच्या दोन्ही बाजूंची पांढरी जागा झाकायची नाही, कारण पट्ट्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात हे मशीनला तिथूनच कळतं. हे सगळं मी मोठ्याने सांगत होते आणि बाया माझं ऐकत होत्या. वच्छलाबाईंना, माझ्या सासूबाईंना, कमी दिसतं. त्यांनी बोटांनी चाचपून दीडशे लावल्या. एकही वाकडी नव्हती.

२४ एप्रिल, गुरुवार

आज सगळ्याच निघाल्या. टेम्पोत मागे माल, त्याच्यापुढे ज्यांना जागा झाली त्या बसल्या, बाकीच्या एसटीने. मी म्हटलं, एवढ्या जणींचं काय काम? कुणी ऐकेना.

काउंटरपाशी भाविका. मागे हितेंद्र सर हाताची घडी घालून. मी पाकीट दिलं आणि डोळे मिटून घेतले.

टुक.

डोळे उघडले तर पडद्यावर मराठीत, आमचं नाव. 'कानबाई बिबडे, साधे.'

बेबाअक्कांनी पडद्याला जवळजवळ नाक लावून विचारलं, "हाई आपलं नाव दखाडस का?"

"हो आजी," भाविका म्हणाली, "तुमचंच."

"मंग आखो एकदाव वाजाड ना, पोरी."

भाविकाने वाजवलं. टुक. मग दुसरीला ऐकायचं होतं, तिसरीला. भाविका म्हणाली, "अहो, दर वेळी बिलात एक पाकीट वाढतंय!" तेव्हा हितेंद्र सरच पुढे आले. म्हणाले, "वाजव गं. हे बिल माझ्या नावावर." एकवीस वेळा वाजलं. रांगेतली माणसं टाळ्या वाजवायला लागली. एका गिऱ्हाइकाने तिथल्या तिथे दोन पाकिटं उचलली. आमचा पहिला अनोळखी माणूस!

वच्छलाबाईंना पडदा दिसत नाही. त्या प्रत्येक टुकला बोट मिटत होत्या. एकविसावं झालं तेव्हा म्हणाल्या, "व्हयनं. आपण बठ्ठ्या उनूत." खरंच, आम्ही सगळ्या आलो होतो.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

लेकी माहेरी आल्या, गावभर झोके बांधलेत. संध्याकाळी बेबाअक्कांनी माझा हात धरून फुगडीला ओढलं. मी तीन गिरक्यांत दमले, त्या दुसरीशी खेळल्या, मग तिसरीशी. गुडघ्यांना औषध चांगलं लागू पडलेलं दिसतंय. कुठलं घेतलं विचारलं तर नुसत्या हसल्या. उद्या नाव विचारून लिहून ठेवते, कुणालातरी उपयोगी पडेल.

१२ मे, सोमवार

हितेंद्र सरांचा फोन. म्हणाले, "ताई, तुमचा माल मी मागत नाहीये, कॉम्प्युटर मागतोय." चारही दुकानांत किती गेले ते त्यांना टुकांवरून कळतं. जळगावच्या दोन दुकानांत तर सातव्या दिवशी पाकीट शिल्लक नव्हतं. आता दर महिन्याला हवेत. पावसाळ्यासाठी आताच वाळवून ठेवा म्हणाले. लसणाचे करणार का, हेही विचारलं. त्याला नंबर बावीस. बेरीज तिनाने वाढते, शेवटी पाच येतात. फोन ठेवायच्या आत निघाले होते.

व्यापाऱ्याचा पुन्हा निरोप आला. आता तो आमची पाकिटं आमच्याच नावाने ठेवायला तयार आहे.

२७ मे, मंगळवार

आज जळगावला जिल्ह्याच्या कार्यालयाने चाळीस गटांच्या बायांना बोलावलं होतं, बारकोडची माहिती द्यायला. माहिती देणारी मी! बेबाअक्का या वेळी सोबत आल्या, पण पहिल्या रांगेत जाऊन बसल्या आणि तिथून हलल्या नाहीत.

सुरुवातीला मान खाली घालून कागदावरचं वाचत होते. मग मी लाल उजेडाची बॅटरी काढली आणि आमचं जुनं पाकीट त्या उजेडात धरलं. पट्ट्या गायब झाल्या तशा सगळ्याजणी बाकांवरून उठल्या. त्यानंतर माझी भीती कुठे गेली ते कळलं नाही. नंबर कुठून घ्यायचा, रंग कोणता, मोकळी जागा किती, सगळं सांगितलं.

रावेरकडच्या कुंदाबाई केळीचे वेफर्स करतात. त्यांना परवाच नंबर मिळालाय. कागद माझ्यापुढे करून म्हणाल्या, "ताई, हा शेवटचा आकडा छापणारा देईल तो खरा मानायचा का?"

मी म्हटलं, "कुणाचाच खरा मानायचा नाही. या पुढे."

त्यांचे बारा आकडे फळ्यावर लिहिले आणि खडू त्यांच्या हातात दिला. त्या आधी लाजल्या. मग एकाआड एक आकडे मिळवले, बेचाळीस. उरलेले अठरा. "तिप्पट?" मी विचारलं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, चोपन्न. कुंदाबाईंनी दोन्ही एकाखाली एक लिहिले, शहाण्णव केले आणि माझ्याकडे वळल्या.

मी बाकांवरच्या बायांकडे बोट दाखवलं.

"चार!" चाळीस गटांच्या बाया एकदम ओरडल्या. शेजारच्या खोलीतली मीटिंग थांबली, दोन साहेब दारात येऊन उभे राहिले. कुंदाबाईंनी फळ्यावर मोठा चार काढला, कागदाशी ताडून पाहिला आणि दाराकडे बघत म्हणाल्या, "बरोबर आहे साहेब. आम्ही तपासलाय."